अंथरूण पाहून सर्व्हर पसरावा

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण आपल्याला घरी लहानपणीच शिकवतात. कॉम्प्युटरच्या जगात याच म्हणीला ‘सिस्टिम रिक्वायरमेंट्स’ म्हणतात! कुठलेही सॉफ्टवेअर घ्या, सुरुवातीला यादी असतेच: प्रोसेसर इतका, रॅम इतकी, डिस्क इतकी. आपण ती न वाचता ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ करतो. गेमच्या बाबतीत हे चालून जाते. पण ज्यावर सगळ्या कॉलेजचे लॉगिन अवलंबून राहणार, त्या डिरेक्टरी सर्व्हरच्या बाबतीत चालत नाही. असा सर्व्हर आपल्या कॉलेजात असलाच पाहिजे, असे माझे मत आहे. आणि ‘त्याला मोठे मशीन लागते, बजेट नाही’ हे उत्तर मला पटत नाही.

आधी गरज बघू. आपल्याकडे प्रत्येक लॅबचा पासवर्ड वेगळा आणि युजरनेम मात्र बहुतेक ठिकाणी एकच, ‘स्टुडंट’. कुणीही बसावे, कुणाचीही फाइल उघडावी. सबमिशनच्या आदल्या दिवशी प्रोजेक्टचा फोल्डर गायब झाला तर तो कुणी उडवला हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, कारण मशीनच्या लेखी सगळे ‘स्टुडंट’च! हॉस्टेलच्या वाय-फायचा पासवर्ड तर मेसच्या मेन्यूपेक्षा जास्त जणांना पाठ आहे.

डिरेक्टरी सर्व्हर म्हणजे टेलिफोन डिरेक्टरीसारखी एकच वही. प्रत्येकाची ओळख आणि पासवर्ड एका जागी. लॅब, लायब्ररी, वाय-फाय सगळे तिलाच विचारणार. विचारण्याची ही भाषा म्हणजे एलडॅप. १९९३ च्या सुमारास अमेरिकेतल्या मिशिगन युनिव्हर्सिटीत टिम हाउज आणि सहकाऱ्यांनी ती घडवली. त्याआधीची एक्स-५०० पद्धत साध्या पीसीला झेपत नव्हती, म्हणून हिच्या नावात ‘लाइटवेट’ आले. म्हणजे हिचा जन्मच गरीब मशीनसाठी झाला आहे!

आता अंथरूण किती लागते? विंडोज सर्व्हर २०२२ म्हणतो: १.४ गिगाहर्ट्झचा ६४-बिट प्रोसेसर, नेहमीच्या डेस्कटॉपसह २ जीबी रॅम आणि ३२ जीबी डिस्क. ॲक्टिव्ह डिरेक्टरी त्याच्यातच येते आणि माऊसने चालवता येते, ही मोठी सोय. पण सर्व्हरच्या लायसन्सखेरीज वापरणाऱ्या प्रत्येक माणसामागे किंवा मशीनमागे वेगळे लायसन्स लागते. ही किंमत रिक्वायरमेंट्सच्या यादीत दिसत नाही.

लिनक्सवर ओपनएलडॅप फुकट आहे. किती नोंदी ठेवणार त्यावर त्याची भूक ठरते. समजा दोन हजार जण, प्रत्येकाची नोंद ४ केबी, म्हणजे झाले ८ एमबी! पासपोर्ट फोटो ३० केबीचा धरला तर आणखी ६० एमबी. आपल्या मोबाइलमध्ये एका लग्नाचे व्हिडिओ याहून जास्त जागा खातात. मात्र एक खोच आहे. त्याच्या एमडीबी डेटाबेसची कमाल मर्यादा आपण सांगितली नाही, तर मूळ सेटिंगप्रमाणे ती फक्त १० एमबी असते. यादी न वाचणाऱ्याचा सर्व्हर ऐन ॲडमिशनच्या गर्दीत ‘जागा भरली’ म्हणून बसणार!

दुसरा पर्याय ३८९ डिरेक्टरी सर्व्हर. याचा पूर्वज नेटस्केपचा. तो सोलारिस, एचपी-यूएक्स, विंडोज एनटी अशा कितीतरी सिस्टिम्सवर चालायचा. २००४ मध्ये रेड हॅटने तो विकत घेतला, २००५ मध्ये सोर्स खुला केला, आणि आज तो लिनक्सचाच झाला. ॲपलने तर २०२२ मध्ये मॅकओएस सर्व्हरच बंद केला. म्हणून ‘आज कशावर चालते’ याच्याबरोबर ‘दहा वर्षांनी कशावर चालेल’ हेही विचारावे. माझे मत लिनक्सला.

पण छापील यादीत आपल्या गावच्या गरजा नसतात. त्या आपणच लिहायच्या. पहिली गरज वेळेची. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत सर्व्हर आणि मशीन यांच्या घड्याळात पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की लॉगिन अडते. आपल्या जुन्या पीसींचे सेल संपलेले. वीज गेली की तारीख थेट कुठल्यातरी १ जानेवारीवर! म्हणजे शंभर रुपयांच्या आतला सेल हीसुद्धा सिस्टिम रिक्वायरमेंटच. दुसरी गरज यूपीएसची. सगळ्यांचे लॉगिन एका डब्यात असेल, तर तो डबा बंद पडून चालणार नाही.

तिसरी गरज, न बदलणारे नाव. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राच्या मंजुरीने उस्मानाबाद शहराचे धाराशिव झाले, सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्ह्याचेही. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. पण गाड्यांवरचा एमएच-२५ तसाच राहिला, पिनकोड ४१३५०१ तसाच राहिला. का? कारण त्यांच्यात नाव नाहीच. डिरेक्टरीचे मूळ नाव इन्स्टॉल करतानाच द्यावे लागते आणि सगळ्या नोंदी त्या मुळाला लटकतात. त्यात गावाचे नाव घातले आणि ते बदलायची वेळ आली, तर सगळी वही बाहेर काढा, दुरुस्त करा, पुन्हा भरा. विद्यार्थ्याची ओळखही पीआरएन नंबरवरून ठेवावी. दुसऱ्या वर्षी ब्रँच बदलते, लग्नानंतर आडनाव बदलते. पीआरएन तोच राहतो.

चौथी गरज माणसाची. ‘तुम्ही पास आऊट झाल्यावर कोण बघणार?’ हा स्टाफचा प्रश्न अगदी रास्त आहे. मला वाटते, दरवर्षी सेकंड इयरच्या दोघांना शिकवावे, लॅब असिस्टंट काकांना सोबत घ्यावे आणि प्रत्येक बदल साध्या मराठीत रजिस्टरमध्ये लिहावा. बॅकअप रोज घ्यावा, आणि महिन्यातून एकदा तो परत भरूनही बघावा.

आणि हे नुसते लॅबपुरते नाही. एज्युरोम या सोयीत, जी भारतात अर्नेट चालवते, आपल्या कॉलेजच्या आयडीवर दुसऱ्या कॅम्पसचे वाय-फाय मिळते. पण त्यासाठी आधी कॉलेजकडे आपल्या विद्यार्थ्यांची स्वतःची वही हवी.

थोडक्यात काय, स्टोअरमध्ये पडलेले ४ जीबी रॅमचे दोन पीसी, दोन नवे सेल, दोन यूपीएस. एक पीसी लॅबमध्ये, त्याची जुळी प्रत लायब्ररीत. एवढे अंथरूण आपल्याकडे नक्कीच आहे. या सत्रात निदान एका लॅबपुरती सुरुवात करू या आणि त्या ‘स्टुडंट’ नावाच्या अनोळखी इसमाला कायमची सुट्टी देऊ या!