तोफेच्या तोंडी पाखरू

गेल्या दिवाळीत आमच्या नातवाने अंगणात किल्ला केला. माती मी चाळून दिली, हळीव त्याच्या आजीने पेरले, महाराज आणि मावळे बाजारातून आले. सारे सिद्ध झाल्यावर बुरुजावर तोफ नाही म्हणून स्वारी अडून बसली. कोपऱ्यावरच्या दुकानातून आणून देतो, असे म्हणून मी चपला शोधू लागलो. तेवढ्यात पठ्ठ्या घरात गेला आणि माझी सहाशे मिलिमीटरची टेलिफोटो लेन्स पोटाशी कवटाळून बाहेर आला. तीन किलोंचे ते धूड बुरुजावर ठेवताच बुरूज ढासळला. दोन मावळे गारद झाले. "आजोबा, तोफ!" असे तो ओरडला आणि घरातली माणसे पोट धरून हसली.

मीही हसलो. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ते हसू काही पचेना. ज्या वस्तूला मी इतकी वर्षे दुर्बिणीची धाकटी बहीण समजत आलो, तिची खरी जात सात वर्षांच्या पोराने एका दृष्टिक्षेपात ओळखली होती.

मला आज भांडायचे आहे. कोणाशी, ते आधीच सांगून टाकतो. खांद्यावर अशी तोफ टाकून पहाटे माळावर, पाणथळीवर आणि जंगलात जाणाऱ्या सुशिक्षित, सुस्वभावी, पक्षिप्रेमी मंडळींशी. म्हणजे मुख्यतः माझ्याशीच.

ज्या वाचकांनी ही वस्तू पाहिली नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. साध्या कॅमेऱ्याची पन्नास मिलिमीटरची लेन्स जग साधारण डोळ्याला दिसते तसे दाखवते. सहाशेची लेन्स त्याच्या बारापट मोठे दाखवते. म्हणजे साठ पावलांवरचा पक्षी पाच पावलांवर आल्यासारखा वाटतो. पुढची काच फुलक्याएवढी, चांगली पंधरा सेंटिमीटर रुंद. किंमत दहा लाखांच्या पुढे. आमच्या पिढीत एवढ्या पैशांत घर झाले आणि वर मुलीचे लग्नही. ही खरेदी आमच्या घरी कशी मंजूर झाली तो इतिहास वेगळा आहे, आणि सौभाग्यवती हा अंक वाचतात.

या लेन्सचे समर्थक एकच युक्तिवाद करतात आणि तो वरवर बिनतोड आहे. म्हणतात, "अहो, ही तर अहिंसेची वस्तू! लांब उभे राहायचे, पक्ष्याला पत्ताही लागू द्यायचा नाही, आणि चित्र घेऊन परतायचे." हे असेच घडत असते तर मी त्या लेन्सला रोज हळदकुंकू वाहिले असते. (खंडेनवमीला वाहतोच.) पण असे घडत नाही. का घडत नाही, ते गणितच सांगते.

छोटा खंड्या घ्या. चोचीपासून शेपटीपर्यंत सतरा सेंटिमीटर, वीतभरही नाही. तो ओढ्यावरच्या फांदीवर बसला आहे आणि तुम्ही वीस मीटरवर सहाशेची लेन्स लावून उभे आहात. त्याची प्रतिमा आत पडते ती जेमतेम पाच मिलिमीटरची. चित्राची उंची चोवीस. म्हणजे एवढे लाखो रुपये ओतून पक्षी चौकटीचा एक पंचमांश! आणि स्पर्धेत, भिंतीवर, मित्रांच्या मोबाइलवर वाहवा कशाला मिळते? चौकट भरून टाकणाऱ्या खंड्याला. पिसान् पीस मोजता यावे अशा खंड्याला. त्यासाठी पाच मीटरवर जावे लागते. मग आमचा अहिंसक छायाचित्रकार एक पाऊल पुढे टाकतो. मग आणखी एक. सहाशेला जोडायचा दुप्पट करणारा कन्व्हर्टरही मिळतो. तो लावला की लेन्स बाराशेची होते, प्रकाश चौथाईवर येतो आणि मालक पुन्हा पाऊल पुढेच टाकतो. लेन्स लांब झाली म्हणून माणूस मागे सरला, असे मी तरी पाहिलेले नाही. हावच तेवढी लांबली.

त्यातून उन्हाचा खेळ निराळाच. भीमेवर उजनीचे धरण 1980 साली पूर्ण झाले आणि त्याच्या फुगवट्याच्या पाण्यावर भिगवणच्या परिसरात हिवाळ्यात रोहित उतरू लागले. इंग्रजीत त्यांना फ्लेमिंगो म्हणतात. दहा-साडेदहानंतर तिथे नावेत बसून पाहा. गाळाची जमीन तापू लागते, पाण्यालगतची हवा थरथरते, आणि लांबच्या रोहितांच्या माना तेलात पडलेल्या शेवेसारख्या वळवळू लागतात. लेन्स लांबचे रोहित मोठे करते, तशी मधली सगळी हवाही मोठी करते. दोनशे मीटरवरून त्या वेळी कोणत्याही किमतीच्या काचेतून चित्र ठसठशीत येत नाही. यावर उपाय दोनच: पहाटे येणे किंवा जवळ जाणे. पुण्याहून निघून वाटेत मिसळ खाऊन येणाऱ्यांना पहिला उपाय मानवत नाही.

एका जानेवारीत आम्ही पाचजण अशाच एका नावेत होतो. पाच माणसे, पाच तोफा. "मामा, अजून जरा आत घ्या," एकाने नावाड्याला सांगितले. नाव आत गेली. खाली डोकी करून, चोच उलटी पाण्यात बुडवून रोहितांचे खाणे चालले होते. चिखल गाळून अन्न काढायचे, ते तासन् तास चालणारे काम. कडेच्या आठ-दहांनी माना वर केल्या. "अजून थोडे." आता सगळ्यांनीच माना वर केल्या आणि थवा चालू लागला. मग कोणीतरी ते वाक्य बोलले, ज्यासाठी सगळेच आतून थांबले होते: "मामा, उडवता येतील का हो?" नावाडी काही बोलला नाही. त्याला फेरीचे पैसे आमच्याचकडून मिळायचे होते. त्याने वल्हे जोराने मारले. पाण्यावर धावत धावत, पंखांचा लाल-काळा भडका उडवत तो सारा थवा उठला.

मी त्या वेळी "नको" म्हणालो नाही. माझे बोट कळीवर होते. ते चित्र आमच्या बैठकीत मोठ्या चौकटीत टांगलेले आहे आणि फराळाला येणारे पाहुणे चकलीचा तुकडा मोडता मोडता त्याची तोंडभर स्तुती करतात. पाचशे पाखरांची न्याहरी मोडून ते मिळवले आहे, हे मी त्यांना आजवर सांगितले नव्हते.

परंतु याहून वाईट गोष्ट सांगायची आहे.

सिंहगडाच्या पायथ्याशी एका स्नेह्यांच्या मळ्यात नाचणीने घरटे केले होते. नाचण म्हणजे ती शेपटीचा पंखा उघडून फांदीफांदीवर गिरक्या घेणारी चिमणीएवढी चळवळी पाखरी. तिचे घरटे पाहत राहावे असे असते: कोळ्याच्या जाळ्याने लिंपलेली, हाताच्या मुठीत मावेल अशी वाटी. लिंबाच्या झाडात, छातीएवढ्या उंचीवर होते. आत तीन पिल्ले. मी बारा मीटरवर तिकाटणे लावले. सारे ठीक होते, फक्त एक डहाळी आड येत होती. चारच पाने. तिची सावली पिल्लांच्या चोचींवर पडून चित्र डागाळत होते. मी खिशातली कात्री काढली. डहाळी कापली. अर्ध्या तासात नर आणि मादी चारा घेऊन आली, मी शंभरावर चित्रे घेतली आणि कृतकृत्य होऊन चहाला गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरटे रिकामे होते. त्याच झाडातून एक भारद्वाज भरदार पंख आवरीत खाली उतरला. भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो, असे आपल्याकडे म्हणतात. पिल्ले खाणे हा त्याचा धर्म आहे, त्याच्यावर माझा राग नाही. पण ती चार पाने नाचणीने काही विचार करून घरट्यावर ठेवली होती. ती बाजूला करून भारद्वाजाला वाट दाखवली ती मी.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात "शिकार" या शब्दाची व्याख्या आहे. तीत रानपाखरांची अंडी नासणेच नव्हे, तर त्यांची अंडी किंवा घरटी विस्कळीत करणेही येते. मी ती व्याख्या वाचली ती त्या सकाळीनंतर पुष्कळ दिवसांनी. बंदूक आयुष्यात हाती न धरलेला मी, कायद्याच्या भाषेत आणि खऱ्या अर्थानेही, शिकारी ठरलो होतो.

यावर काही जाणकार म्हणतील की थोरामोठ्यांनीही घरट्यांवरच छायाचित्रे घेतली. बरोबर आहे. इंग्लंडातले रिचर्ड आणि चेरी कीर्टन हे बंधू 1900 च्या सुमारास पोकळ केलेल्या बैलाच्या आत बसून पक्ष्यांची चित्रे काढीत. आपण पोळ्याला बैल सजवतो, त्यांनी बैलाची खोली केली! त्या काळी लेन्स आखूड, काचेच्या पट्ट्या मंद; पक्षी ठरल्या जागी, ठरल्या वेळी परत येईल अशी जागा एकच, ती घरटे. त्यांना गत्यंतर नव्हते. पण ज्याच्या हातात सहाशेची लेन्स आहे, सेकंदाला वीस चित्रे घेणारा कॅमेरा आहे, त्याने घरट्यापाशी जायचे कारण काय? ज्या अडचणीपायी ते जात होते ती अडचण दूर व्हावी म्हणून तर आपण दहा लाख मोजले! एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने वाघाच्या वाटेवर तार ताणून ठेवली. वाघ आपल्या पायांनी आला, तारेला पाय लागला, प्रकाश चमकला, आणि वाघाने आपले चित्र आपणच काढले. 1927 साली त्याचे पुस्तक निघाले. वाघाच्या मागे धावायची त्याला गरज पडली नाही, कारण वाघ कुठून जातो ते शोधण्यात त्याने आधी आपले बूट झिजवले होते.

दुसरा आक्षेप ज्ञानाचा. "आमच्या चित्रांचा शास्त्राला उपयोग होतो." होतो की! बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने कित्येक दशके पक्ष्यांच्या पायांत कडी घातली आहेत. पूर्वी कड्यावरचा आकडा वाचायला बहुधा पक्षी पुन्हा पकडावा लागे किंवा मेलेला सापडावा लागे. आता कडे किंवा रंगीत पट्टी लांबूनच चित्रात टिपता येते आणि तो पक्षी कुठून कुठे गेला ते कळते. या कामासाठी ही लेन्स अमृत आहे. पण गंमत अशी की या कामाला चौकट भरलेला, पाठीमागे लोण्यासारखी हिरवी पार्श्वभूमी असलेला पक्षी लागत नाही. पाय दिसला म्हणजे पुरे. शास्त्राचे नाव घेऊन आपण शोभा गोळा करतो, आणि शास्त्र बिचारे चिखलातल्या पायावर समाधानी असते.

आणि घुबडांविषयी बोलल्याशिवाय दिवाळी अंकात हा विषय संपवणे मला पाप वाटते. लक्ष्मीचे वाहन म्हणून आपण ज्याचे चित्र देव्हाऱ्यात पाहतो, त्याला लक्ष्मीपूजनाच्या सुमारास तंत्रमंत्रासाठी पकडून चोरून विकणारे लोक या देशात आहेत. ऐन दिवाळीत हा धंदा तेजीत असतो. घुबड दिवसा एकाच झाडावर, एकाच ढोलीत वर्षानुवर्षे बसते. त्याचे चित्र काढून "अमुक गावच्या ओढ्याकाठची जोडी" म्हणून चारशे माणसांच्या गटावर पाठवणारा माझा एक मित्र अतिशय दयाळू आहे, मुंग्यांना साखर घालतो. त्या चारशेंत कोण आहे, हे त्याला ठाऊक नाही. पुष्कळ मोबाइल तर चित्राबरोबर जागेचे अक्षांश-रेखांशही जोडतात. त्याला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "मी एकट्याने थांबून काय होणार? बाकीचे टाकतातच." त्यानंतर दोन महिने आमचे बोलणे बंद होते. सध्या चालू आहे. पण गाव तो आता लिहीत नाही.

"मग लेन्स विकून टाका," असे घरातून सुचवण्यात आले. सूचनेमागे निसर्गप्रेमाबरोबर अन्य हेतूही असावेत. मी विकणार नाही. तिने विकत घेऊन दिलेले अंतर मी इतकी वर्षे पक्ष्याला दिलेच नाही, ते आता देणार आहे. माझा नियम सोपा आहे: पाखराने खाणे थांबवून मान वर केली की ते पाऊल माझे चुकले, परत मागे. घरटे दिसले की लेन्स पिशवीत. चित्रात पाखरू लहान येईल तर येऊ दे. त्याच्याभोवती ओढा येईल, बाभळ येईल, आभाळ येईल. ते राहते कुठे, हे तरी चित्रात कळेल.

गेल्या पावसाळ्यात गॅलरीत खुर्ची टाकून मी शेजारच्या रामफळावरच्या नाचणीचे एक असे चित्र घेतले. सबंध झाड, ओली भिंत, वाळत घातलेल्या साडीचा पदर. मोठे करून आणले आणि बैठकीत रोहितांना उतरवून त्या जागी लावले. सौभाग्यवतींनी चष्मा पुसून पुसून पाहिले.

"यात पक्षी कुठे आहे?"

मी काही बोललो नाही. नातू खुर्चीवर चढला, चौकटीला नाक लावून डावीकडून उजवीकडे एकेक फांदी पाहत गेला. बराच वेळ लागला.

"आजी, ही बघ! शेपटी उघडलीय!"