साठ अंगरख्यांचा चोर



पावसाळा आला की धानोरा, एटापल्ली, भामरागड भागात हिवताप डोके वर काढतो. चंद्रपूरच्या जंगलपट्टीलाही तो नवा नाही. "मागच्या साली ताप येऊन गेला, आता पुन्हा येणार नाही," असे पुष्कळ लोक म्हणतात. गोवर एकदा झाला की सहसा पुन्हा होत नाही, हे खरे. मग मलेरिया त्याच माणसाला पुन्हा पुन्हा का धरतो? यात ना देवीचा कोप, ना कुणाची करणी. कारण त्या जंतूतच दडलेले आहे.

गडचिरोलीत फॅल्सिपेरम जातीचा मलेरिया मोठ्या प्रमाणात आढळतो. मेंदूपर्यंत जाऊन जीव घेणारा तो हाच. २००२ साली शास्त्रज्ञांनी या जंतूची सगळी जनुके वाचून काढली. जनुक म्हणजे शरीर घडवणारी लेखी आज्ञा. गुणसूत्र नावाच्या धाग्यांवर या आज्ञा ओळीने असतात. या जंतूत १४ गुणसूत्रे आणि सुमारे ५,३०० जनुके निघाली. त्यांत 'व्हार' नावाच्या सुमारे ६० जनुकांचे एक कुटुंबच आहे.

जंतू रक्तातल्या तांबड्या पेशीत शिरतो. मग व्हार जनुकाच्या आज्ञेने बनलेले प्रथिन पेशीच्या बाहेर येते. त्याच्या जोरावर पेशी रक्तवाहिनीला आतून चिकटून बसते आणि पानथरीत जाऊन नष्ट होण्यापासून वाचते. काही दिवसांनी आपले शरीर ते प्रथिन ओळखून मारा सुरू करते. तोवर काही जंतूंनी ते जनुक बंद करून दुसरे उघडलेले असते. घरात ६० अंगरखे, पण अंगावर एका वेळी एकच! पोलीस पहिल्या अंगरख्याचे वर्णन घेऊन फिरतात आणि चोर दुसरा घालून समोरून निघून जातो.

यातली बहुतेक जनुके गुणसूत्रांच्या टोकांजवळ असतात. तिथे तुकड्यांची अदलाबदल होऊन नवे नवे नमुने तयार होतात. म्हणून एका जंतूचे ६० अंगरखे दुसऱ्या जंतूशी जुळतीलच असे नाही.

वर्षानुवर्षे ताप सोसलेल्या मोठ्या माणसाचे शरीर हळूहळू बरेच अंगरखे ओळखू लागते. मग जंतू अंगात असूनही कधी कधी ताप येत नाही. पण डास त्याच्याकडूनच जंतू उचलून घरातल्या लेकराला देतो. लेकराने तर अजून एकही अंगरखा पाहिलेला नसतो. म्हणून तपासणीला लोक आले तर "मला ताप नाही, रक्त कशाला?" असे म्हणू नका.

माता-भगिनींनी आणखी एक लक्षात ठेवावे. या कुटुंबातले एक जनुक गरोदरपणात वारेला चिकटणारे प्रथिन बनवते. लहानपणी कितीही वेळा हिवताप झालेला असो, पहिलटकरणीच्या शरीराला हा अंगरखा नवाच असतो. त्यातून तिचे रक्त कमी होते, बाळ कमी वजनाचे होते, कधी पोटातच दगावते.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणाऱ्या 'आर-२१' या लसीची जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली मुलांसाठी शिफारस केली. आफ्रिकेतल्या मुलांना ती दिली जाते. डासाने सोडलेला जंतू यकृतात शिरण्यापूर्वीच ही लस त्याला गाठते, कारण तेव्हा त्याला असे अंगरखे बदलता येत नाहीत.

आपल्या हाती आजही पुष्कळ आहे. ताप आला की त्याच दिवशी आशाताईकडे रक्त तपासा. गरोदर असाल तर तसे आधी सांगा. बरे वाटले म्हणून गोळ्या अर्ध्यावर सोडू नका. मच्छरदाणी पेटीत ठेवायला नाही, अंथरुणावर बांधायला मिळाली आहे. चोर अंगरखा बदलतो, पण रक्ताच्या तपासणीत तो सापडतो. पुजाऱ्याच्या अंगाऱ्याने तो कधीच सापडणार नाही.