हार घालण्याआधी कागद वाचा

मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर अब्बांनी नवी गाडी घेतली. बँकेचे व्याज भरायचे नाही हा त्यांचा जुना हट्ट. त्यामुळे निवृत्तीचे पैसे आणि सात वर्षांची बचत मिळून एकरकमी खरेदी झाली. आम्ही खंडाळ्यात राहतो. इथे गाडीला सनरूफ नसले तरी चालते, पण तीन गोष्टी लागतातच. चढावर थांबल्यावर गाडी मागे सरकू नये म्हणून हिल होल्ड, मागच्या काचेला वायपर आणि त्या काचेवरचे धुके घालवणारा डिफॉगर. आम्ही निवडलेल्या गाडीत या तिन्ही गोष्टी फक्त वरच्या व्हेरियंटमध्ये होत्या. अब्बांनी तोच बुक केला आणि बुकिंग फॉर्मवर त्याचे नाव स्वच्छ लिहून घेतले.

डिलिव्हरीच्या दिवशी शोरूममध्ये गाडीवर रेशमी कापड होते. हार होता, पेढे होते, फोटोग्राफर होता. अब्बांनी दहा-बारा ठिकाणी सह्या केल्या. मीही शेजारी उभा होतो, आणि मी फोटो काढत होतो. हे कबूल केल्याशिवाय पुढचे लिहिण्याचा मला अधिकार नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घाट चढताना पाऊस आला. मागची काच पांढरी झाली. अब्बा बटण शोधू लागले. बटण नव्हतेच, कारण वायपरच नव्हता. घराजवळच्या चढावर पुढच्या टेम्पोसाठी थांबलो आणि गाडी दोन फूट मागे गेली. मागे बसलेल्या अम्मीने दुआ पुटपुटायला सुरुवात केली. त्या रात्री आम्ही पहिल्यांदा सगळे कागद टेबलावर मांडले.

बुकिंग फॉर्मवर वरचा व्हेरियंट होता आणि इनव्हॉइसवर खालचा. दोन्हींच्या किमतीतला सुमारे ७४ हजारांचा फरक ‘ॲक्सेसरीज’, ‘वाढीव वॉरंटी’ आणि ‘हँडलिंग’ अशा तीन ओळींत वाटून टाकला होता. एकूण रक्कम ठरल्याप्रमाणेच भरत होती, म्हणून कोणाला शंका आली नाही. वरच्या व्हेरियंटला दोन महिन्यांचे वेटिंग होते आणि महिनाअखेरचे टार्गेट होते, हे नंतर कळले. ही चूक होती की चलाखी, याचा निवाडा मी करत नाही. गाडी आम्ही मागितलेली नव्हती, एवढे मात्र खरे.

खरी अडचण यानंतर सुरू झाली. गाडी विकणारा मुलगा मामूंच्या ओळखीचा, आपल्यातलाच. त्याने फोनवर रडवेल्या आवाजात सांगितले, “चाचा, मेरी नौकरी जाएगी.” मामू म्हणाले, “जाऊ द्या, पोरगं गरीब आहे. वायपर बाहेरून बसवून घेऊ.” आणखी एका नातेवाइकाने आवाज खाली करून वेगळाच सल्ला दिला. “आपल्या नावाने कशाला अर्ज-बिर्ज करता? कचेरीत आपलं कोण ऐकणार?”

हे दोन्ही सल्ले आपल्या घराघरात ऐकू येतात, आणि दोन्ही मला चुकीचे वाटतात.

पहिला सल्ला भिडेचा. दया आणि भीड यांत फरक आहे. अब्बांना त्या मुलावर दया करायची असेल तर त्यांनी आपल्या खिशातून खुशाल करावी. पण भिडेपोटी गप्प बसलो तर फायदा त्या मुलाचा होत नाही, शोरूमचा होतो, आणि पुढच्या महिन्यात तोच मुलगा दुसऱ्या कोणाला तशीच गाडी देतो. बाजारातल्या धान्याच्या ढिगात पैगंबरांनी हात घातला, आतले धान्य ओले निघाले, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. विक्रेता पावसाचे कारण सांगतो, तेव्हा त्याला ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे विचारले जाते. फसवणारा आपल्यातला नाही, असा तिचा निष्कर्ष. आपण ही हदीस विक्रेत्यांना ऐकवतो. पण ढिगात हात घालून पाहण्याची सवय गिऱ्हाइकाच्या बाजूनेही शिकण्यासारखी आहे. सांगितलेला गुण वस्तूत नसेल तर सौदा मोडण्याचा पर्याय फिक्हमध्ये ‘खियार’ या नावाने मान्य आहे. तेव्हा गाडी नाकारणे हा उद्धटपणा नव्हे.

दुसरा सल्ला भीतीचा. ही भीती कुठून येते ते मला ठाऊक आहे आणि ती मी हसण्यावारी नेत नाही. पण ग्राहक म्हणून मिळालेला हक्क आपण वापरलाच नाही, तर तो आपल्यापुरता कागदावरच राहतो. पुणे हे ग्राहक चळवळीचे माहेर. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये इथेच ग्राहक पंचायत सुरू केली. १९८६ मध्ये देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला आणि त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. म्हणजे कंपनी कुठलीही असो, खंडाळ्याच्या माणसाला पुण्याचा जिल्हा आयोग पुरतो. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा आयोगात चालते, वकील सक्तीचा नाही, आणि ५ ते १० लाखांच्या वस्तूसाठी शुल्क २०० रुपये आहे. मुदत दोन वर्षांची. आयोगाकडे प्रकरण गेल्यावरही दोघांची तयारी असेल तर ते मध्यस्थीकडे पाठवता येते. सुलह हा शब्द आपल्याला परका नाही.

मात्र कायदा आपल्या बाजूने आहे म्हणून निवांत राहणेही महागात पडते. गोव्यातल्या एका ग्राहकाचे उदाहरण पाहा. त्याने २०११ चे मॉडेल म्हणून पैसे भरले आणि हातात आली २००९ मध्ये बनलेली, आधीच ६२२ किलोमीटर चाललेली गाडी. जिल्हा मंच, राज्य आयोग, राष्ट्रीय आयोग, सगळीकडे तो जिंकला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये निकाल लागला. डीलरने काय केले याची उत्पादकाला माहिती होती हे सिद्ध न झाल्याने टाटा मोटर्सवरची जबाबदारी न्यायालयाने काढून टाकली. डीलरची राहिली. यातून दोन धडे मिळतात. गाडीवर कंपनीचे नाव असले तरी आपला सौदा बहुतेक वेळा डीलरशी असतो, म्हणून लेखी तक्रार दोघांकडेही जायला हवी. आणि जिंकणाऱ्याचीही दहा वर्षे जातात.

आणखी एक बाब फार कमी लोकांना माहीत असते. १९३० च्या माल विक्री कायद्यानुसार वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे. नाही जुळला तर तो नाकारता येतो. पण एकदा तो स्वीकारला, किंवा नाकारल्याचे न कळवता वाजवी मुदतीपलीकडे ठेवून घेतला, की परत करण्याची वाट अरुंद होते आणि बहुधा नुकसानभरपाईचीच उरते. गाडीच्या बाबतीत तर डिलिव्हरीआधीच आरटीओची नोंदणी आणि विमा आपल्या नावावर झालेला असतो. हार घालेपर्यंत ती कागदोपत्री आपली झालेली असते.

आम्ही काय केले? चौथ्या दिवशी गाडी जागेवर उभी केली. बुकिंग फॉर्म, पैसे भरल्याच्या पावत्या आणि इनव्हॉइस जोडून डीलरला व कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल केला, तेच पत्र स्पीड पोस्टानेही पाठवले. पत्रात त्या मुलाचे नाव घातले नाही. तक्रार शोरूमविरुद्ध होती. फोनवर येणाऱ्या प्रत्येक आश्वासनाला अब्बांचे एकच उत्तर असे, “बेटा, हेच लिहून पाठव.” पहिला प्रस्ताव आला सीटकव्हर आणि म्युझिक सिस्टिमचा. आम्ही नकार दिला, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास आयोगात जाऊ असे कळवले.

बाराव्या दिवशी व्यवस्थापकाने स्वतः बोलावले. त्याने दोन पर्याय ठेवले. गाडी परत घेऊन दोन महिन्यांनी वरचा व्हेरियंट द्यायचा, पण नोंदणी आणि विम्याचा खर्च आमचा. किंवा गाडी ठेवायची, ७४ हजार परत घ्यायचे आणि मागचा वायपर कंपनीच्या सुट्या भागांतून त्यांनी फुकट बसवून द्यायचा. मला पहिल्या पर्यायासाठी, तोही त्यांच्या खर्चाने, भांडायचे होते. अब्बांनी दुसरा घेतला. “माझ्या वयात दोन पावसाळे तारखांना घालवायचे नाहीत,” ते म्हणाले. समझोता लेटरहेडवर लिहून घेतला, पैसे खात्यात आल्यावरच सही केली. मुलाची नोकरी टिकली.

मी अजूनही अब्बांशी पूर्ण सहमत नाही. पण लिहून घेतलेली तडजोड म्हणजे हार नव्हे, हे मला पटले आहे.

गाडी घेणाऱ्यांना माझे सांगणे थोडक्यात असे. बुकिंग फॉर्मवर व्हेरियंटचे पूर्ण नाव आणि तुम्हाला हवीच असलेली वैशिष्ट्ये लिहून घ्या. नोंदणीआधी यार्डात जाऊन गाडी पाहा, काचा, बटणे, वायपर एकेक करून तपासा. गाडीवरचा चेसिस क्रमांक इनव्हॉइसशी आणि फॉर्म २१ शी जुळवा. त्याच फॉर्मवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असते. रकमेची एकूण बेरीज पाहू नका, प्रत्येक ओळ वाचा. काही चुकलेले दिसले तर गाडी हलवू नका आणि त्याच दिवशी लेखी कळवा. कुरआनमधली सर्वांत लांब आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवा असे सांगते. आगाऊ पैसे भरून दोन महिन्यांनी वस्तू घेणे हेही त्याच जातीचे काम आहे.

आमच्या गाडीला आता वायपर आहे. हिल होल्ड मात्र मागाहून बसत नाही. घराजवळच्या चढावर अब्बा आजही हँडब्रेक ओढतात, आणि अम्मी आजही दुआ पुटपुटते.