फी थकलीय? बाईंशी भांडून उपयोग नाही

रुसैल, सीब, मबेलाच्या पालकांनो, थोडं स्पष्ट लिहितोय, राग मानू नका.

इंडस्ट्रियल एस्टेटमधल्या कंपनीने पगार लांबवला की टर्मची फी राहते. ऑफिसातून यादी येते, क्लास टीचर ती वर्गात वाचतात, पोरगं मान खाली घालून घरी येतं. संध्याकाळी बाबा बाईंना फोन लावतात. मग काय काय बोललं जातं, ते तुम्हाला माहीत आहे.

वर्गात नाव वाचणं चूकच. फी पोराने थकवलेली नसते. पण बाईंवर ओरडणंही तितकंच चूक. फी त्या ठरवत नाहीत आणि माफही करू शकत नाहीत. १९७५ साली मस्कतला पहिली भारतीय शाळा निघाली, तेव्हापासून इथल्या आपल्या कम्युनिटी शाळा मुख्यतः फीवरच चालतात. बाईंचा पगारही त्यातूनच होतो. आपला पगार लांबला की घरात काय होतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

भारतात ३ मे २०२१ ला सुप्रीम कोर्टाने राजस्थानच्या खासगी शाळांबद्दल निकाल दिला. फी थकली म्हणून मुलाला वर्गाबाहेर ठेवू नका, निकाल अडवू नका, असं शाळांना बजावलं. पण फी माफ नाही केली. त्या कोविडच्या वर्षाची फी १५ टक्के कमी करून सहा मासिक हप्त्यांत भरायला सांगितली. ज्याला तेही जमत नाही त्याने शाळेकडे अर्ज करावा, शाळेने सहानुभूतीने विचार करावा, असंही म्हटलं. तो निकाल इथे लागू नाही, पण त्यातला न्याय दोन्ही बाजूंनी घेण्यासारखा आहे.

म्हणून पगार लांबणार असं कळलं की शेवटच्या तारखेची वाट बघू नका. प्रिन्सिपलना ईमेल करा. किती रियाल कोणत्या तारखेला भरणार ते लिहा, जमल्यास कंपनीचं पत्र जोडा. उत्तर आणि पावत्या जपून ठेवा. दाद लागली नाही तर मॅनेजमेंट कमिटीकडे जा, तिथे पालकांचे प्रतिनिधी असतात. गप्प बसलात तर नोकरी जाऊन गावी परतायची वेळ आल्यावर, टीसी मागताना सगळी थकबाकी एकदम समोर येते.

आणि शाळेलाही विनंती: फीचा निरोप पोराच्या हाती नको. थेट आम्हाला कळवा, आम्ही बोलू.