मानवंदनेपुरता बँड

आपल्याकडच्या शाळांतले बँडपथक वर्षातून दोनदा जागे होते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मुख्याध्यापकांच्या खोलीशेजारचे कपाट उघडते, ड्रमवरची धूळ झटकली जाते, पावसाळी हवेने सैल पडलेली पाने ताणली जातात. सहावी-सातवीतली उंचीने बरी, अंगाने धडधाकट अशी दहा-पंधरा मुले निवडली जातात आणि पीटीचे सर आठ दिवसांत त्यांच्याकडून एक ठेका घोटून घेतात. ध्वज फडकतो, पाहुणे येतात, पाहुण्यांच्या पुढे पथक चालते. पाहुणे खुर्चीत बसले की पथक थांबते. मग कपाट बंद होते, ते थेट जानेवारीत उघडण्यासाठी. या प्रकाराला आपण ‘शालेय बँड’ म्हणतो. माझे म्हणणे असे की, त्याला बँड म्हणू नये. ती स्वागतसमिती आहे. तिच्या गळ्यात ढोल आहेत, इतकेच.

हे मी बाहेरून बोलत नाही. ठाणे जिल्ह्यातल्या एका शाळेत मी तीन वर्षे साइड ड्रम वाजवला. तीन वर्षांत एकच ठेका. त्या ठेक्याला मात्रा किती, सम कुठे, माझ्या शेजारी झांज घेऊन उभा असलेला मुलगा नेमका कोणत्या जागी वाजवतो आणि का, यातले काहीही मला कोणी सांगितले नाही. मीही विचारले नाही. विचारण्यासारखे तिथे काही आहे, याचीच कल्पना नव्हती. पट्टा खांद्याला काचतो आणि त्या दिवशी खाऊ मिळतो, एवढेच मी शिकलो.

हा विषय मी मुद्दाम भिवंडीच्या संदर्भात मांडतो आहे. पुण्यातल्या वा पार्ल्यातल्या शाळेविषयी लिहिले असते, तर ‘ठीक आहे, त्यांना परवडते’ असे म्हणून वाचक मोकळे झाले असते. भिवंडीत संगीतशिक्षणाविरुद्धचे सगळे आक्षेप एकाच ठिकाणी आणि पूर्ण जोरात भेटतात. यंत्रमागांचे आणि गोदामांचे गाव, २०११ च्या जनगणनेनुसार सात लाखांवर वस्ती, मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू अशा नाना माध्यमांच्या शाळा, आणि दंगलींची आठवण. इथे जो युक्तिवाद टिकेल, तो कुठेही टिकेल.

पहिला आक्षेप नेहमीचा : ज्या घरात दोन वेळची भ्रांत आहे, त्या घरातल्या मुलाला बँड कशाला? हा प्रश्न विचारणाऱ्यांनी एकदा भिवंडीतल्या मागाच्या शेडला लागून असलेल्या खोलीत तासभर बसावे. शेडमधला आवाज नव्वद डेसिबलच्या वर जातो. कारखान्यात आठ तासांसाठी जी मर्यादा मानली जाते, ती तेवढीच आहे. धोटा इकडून तिकडे फेकला जातो आणि त्याचा ठोका भिंतीतून येतो, दिवसपाळीत आणि रातपाळीतही. या मुलांच्या कानांवर जन्मापासून लय आदळते आहे. ती त्यांना कोणी द्यायची गरज नाही. त्यांना कधी मिळत नाही ती एकच गोष्ट, ती लय ऐकण्याची, मोजण्याची आणि हवी तेव्हा थांबवण्याची मुभा. माग थांबत नाही. मालक थांबवतो, किंवा वीज जाते. मात्रा मोजत गप्प उभे राहायचे आणि नेमक्या जागी झांज वाजवायची, यात बारा वर्षांच्या मुलाला आवाजावर जो अधिकार मिळतो, तो त्याच्या बापाला कामाच्या जागी आयुष्यभरात मिळालेला नसतो. याला चैन म्हणणाऱ्याने आपल्या मुलांचा तबल्याचा क्लास आधी बंद करावा.

दुसरा आक्षेप पोटाचा आहे : यातून रोजगार मिळतो का? त्याचे उत्तर गोव्यात आहे. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चला जोडलेल्या शाळांतून गावोगावच्या मुलांना स्वरलेखन वाचायला शिकवले जाई, व्हायोलिन हातात दिले जाई. हेतू अर्थातच धार्मिक होता. प्रार्थनेला वादक हवे होते. पण त्यातून वाचता-लिहिता येणाऱ्या वादकांची एक परंपरा तयार झाली आणि मुंबईच्या चित्रपटसंगीताचा मोठा भार तिने वाहिला. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड ही नावे श्रेयनामावलीत अनेकदा आली नाहीत. काम मात्र त्यांचे होते. माजोर्ड्याच्या गोन्साल्विसांकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले आणि १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये गुरूचे नाव गाण्यात घालून त्यांनी ऋण फेडले. एखाद्या लहानशा प्रदेशातल्या शाळांनी स्वर वाचायला शिकवले, तर काय घडू शकते, याचे याहून ठसठशीत उदाहरण आपल्या शेजारी दुसरे नाही.

मात्र या उदाहरणावर फार भार टाकू नये. यंत्रांनी तयार केलेला वाद्यमेळ आल्यावर त्याच वादकांपैकी अनेकांचे काम गेले. रोजगाराच्या आशेवर उभे केलेले संगीतशिक्षण पहिल्याच यंत्राबरोबर कोसळते. भिवंडीकराला हे वेगळे सांगायला नको. नवे स्वयंचलित माग आले, की साध्या मागावरच्या कामगाराचे काय होते, हे त्याने पाहिले आहे. गणित आपण केवळ हिशेबनीस घडवण्यासाठी शिकवत नाही. संगीतालाच तेवढा पोटापाण्याचा दाखला का मागावा?

तिसरा आक्षेप सुसंस्कृत मंडळींचा असतो : समूहवादन ही आपली परंपरा नव्हे, आपले संगीत एकट्याचे, गुरुमुखातून येणारे. हे म्हणताना त्यांना भरताच्या नाट्यशास्त्रातला ‘कुतप’, म्हणजे वादकांचा रीतसर मांडलेला मेळ, आठवत नाही. नगारखान्यातला चौघडा आठवत नाही. आणि ज्येष्ठ-आषाढात पंढरीच्या वाटेवर शेकडो टाळ एका मृदंगाबरोबर चालतात, ती दिंडीही आठवत नाही. शिवाय घराण्याचा दाखला द्यायचाच असेल, तर मैहरचा द्यावा. १९१८ च्या सुमारास, साथीच्या रोगाने पोरकी झालेली मुले गोळा करून उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी बँड उभा केला. बंदुकीच्या नळ्या कापून त्यांनी ‘नलतरंग’ नावाचे वाद्य बनवले. ज्या घराण्यातून रविशंकर आणि अली अकबर आले, त्याच्या मूळपुरुषाला अनाथ पोरांचा वाद्यवृंद बसवणे कमीपणाचे वाटले नाही. ते आपल्याला मात्र वाटते.

का वाटते, याचे खरे कारण परंपरेच्या अभिमानात नाही, जातीत आहे. महाराष्ट्रात वाद्य वाजवणे हे कोणाचे काम होते? सनई गुरवाची, हलगी मांगाची, वाजप होलारांचे. लग्नाच्या वरातीपुढे त्यांनी चालायचे आणि पंगत उठल्यावर जेवायचे. पुढे ब्रास बँड आला तरी ही उतरंड बदलली नाही. बँडबाजा वाजवणारे बहुतेक जण दलित वा मुसलमान कारागीर घरांतलेच राहिले. या व्यवसायावर ग्रेगरी बूथ या अमेरिकी अभ्यासकाने २००५ मध्ये ‘ब्रास बाजा’ हे पुस्तक लिहिले. आपल्याकडच्या संगीतसमीक्षेला मात्र लाल कोटातला क्लॅरिनेटवाला कधी दिसला नाही. आपल्या मनात गाणारा कलावंत असतो आणि वाजवणारा वाजंत्री असतो. शाळेतला बँड पाहुण्यांपुढे चालवण्यात आपल्याला काही वावगे दिसत नाही, ते यामुळेच. वाजंत्र्याने यजमानापुढे चालायचे असते, हा वरातीचा नियम आपण शाळेच्या मैदानावर जसाच्या तसा आणून ठेवला आहे.

आता चौथ्या आक्षेपाकडे येतो. तो खास भिवंडीचा आहे आणि कोणी उघड मांडत नाही. या गावात वाद्य ही निरुपद्रवी वस्तू नाही. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीतून दंगल पेटली आणि जळगाव, महाडपर्यंत तिची झळ गेली. न्यायमूर्ती मादन आयोगाने तिची चौकशी केली. १९८४ मध्ये पुन्हा तेच. मिरवणूक कोणत्या रस्त्याने जाईल, कोणाच्या दारापुढे वाजेल आणि कोणाच्या दारापुढे थांबेल, या प्रश्नावर इथे माणसे मेली आहेत. तेव्हा शाळेत वाद्ये नकोत, उगाच विस्तव कशाला, असे शहाणपण सांगितले जाते. शिवाय काही मुस्लिम पालकांचा वाद्यांना धार्मिक विरोध असतो, हेही पुढे केले जाते.

मी नेमका उलटा निष्कर्ष काढतो. ज्या गावात आवाज हे शस्त्र झाले, तिथेच मुलांनी एकत्र आवाज करायला शिकण्याची गरज सर्वांत मोठी आहे. १९८४ नंतर याच भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या आणि डिसेंबर १९९२ - जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. त्या कमिट्यांत काय होत होते? दोन्हीकडची माणसे काही घडण्याआधीच नियमाने एकत्र बसत होती आणि एकमेकांचे ऐकत होती. तालमीची व्याख्या याहून वेगळी नाही. प्रौढांना चौकीत बसवून जे शिकवावे लागले, ते मुलांना वर्गात शिकवणे स्वस्त पडेल. ताशा मोहरमच्या मिरवणुकीतही वाजतो आणि गणपतीच्याही. एका पथकात दोन ताशे शेजारी उभे राहिले, तर त्या वाद्याला काही नवे वाटणार नाही. ज्या घरांचा वाद्यांना विरोध आहे, त्यांच्यावर सक्ती करू नये. नात आणि हम्द यांची परंपरा त्या घरांत आहे, तिथून गळ्याच्या वाटेने स्वर-लय शिकवता येते. पण काही पालकांचा आक्षेप हे सगळ्याच मुलांना काहीही न शिकवण्याचे निमित्त होऊ शकत नाही. शिवाय मराठी शाळांनी तरी काय दिवे लावले आहेत? तिथे हा आक्षेप नाही, आणि संगीतही नाही. भोवतालच्या आगरी गावांत हळदीला बेंजो वाजतो, म्हाताऱ्या धवलारिणी धवला गातात. त्याच गावांतली मुले ज्या शाळेत येतात, तिथे त्यातला एक सूरही शिरत नाही.

कायदा काय म्हणतो? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरहून अधिक मुले असतील, तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा. ‘कला’ या शब्दात संगीत येते. पण आपल्याकडे कलाशिक्षक म्हणजे चित्रकलेचे सर, हे समीकरण पक्के आहे. चित्रकलेला निदान एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा तरी आहेत. दहावीला शास्त्रीय संगीताचे वाढीव गुण मिळतात, हे खरे. पण त्या गुणांची वाट खासगी क्लासातून जाते आणि क्लासची फी भरणारा बाप लागतो. प्रजासत्ताकदिनाच्या निमित्ताने राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धा होते, तीही ब्रास आणि पाइप बँडची. ती वाद्ये महापालिकेच्या शाळेने कुठून आणायची? सरकारच्या डोक्यात बँड म्हणजे संचलन, हेच त्यातून पुन्हा दिसते. १८८६ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी मौलाबक्षांच्या हाताखाली बडोद्यात संगीतशाळा काढली. एका संस्थानिकाला जे राज्याचे कर्तव्य वाटले, ते प्रजासत्ताकाला अजून वाटायचे आहे.

आता माझ्याच बाजूच्या लोकांशी थोडे भांडण. संगीत शिकवले की मुले आपोआप शहाणी, सहिष्णू, सुजाण होतात, असे सांगत फिरू नये. व्हेनेझुएलात १९७५ मध्ये होसे अंतोनियो आब्रेउ यांनी गरीब मुलांच्या वाद्यवृंदांची जी चळवळ सुरू केली, तिचे जगभर गोडवे गायले गेले. पुढे जेफ्री बेकर यांनी २०१४ मध्ये तिच्यातल्या हुकूमशाही शिस्तीवर बोट ठेवले. वाद्यवृंदही कवायत होऊ शकतो. वाद्य बदलून उपयोग नाही. शिकवण्याची रीत बदलायला हवी. ज्या पथकात मुलाला ‘असे का?’ विचारता येत नाही, तिथे ड्रम असो की व्हायोलिन, त्याच्या हाती पट्ट्याचा वळच येणार.

म्हणून मागणी भव्य नाही. पाचवी ते आठवीला आठवड्यातून दोन तास. शिकवायला माणूस, आणि तो पदवीधरच हवा असे नाही, लग्नसराई संपल्यावर आठ महिने हाताला काम नसलेला बँडवाला भिवंडीतच मिळेल. त्याला मानधन द्यावे आणि मुलांनी त्याला ‘सर’ म्हणावे. संगीताचा पहिला धडा तिथेच होईल. वाद्ये जी आहेत तीच चालतील : ढोल, ताशा, झांज, लेझीम, बासरी. वर्षाअखेरीस पथकाने वाजवावे, पण चालत नव्हे, बसून. आणि पाहुण्यांनी समोर बसून ऐकावे.

या सगळ्याला नकार देणाऱ्या शाळांकडे एकच विनंती आहे. पुढच्या १५ ऑगस्टला पाहुण्यांपुढे मुले चालवू नयेत. पाहुण्यांना पाय आहेत. ते ठोक्याशिवायही खुर्चीपर्यंत पोहोचतील.