मुख्याध्यापकाची खुर्ची आणि शिक्षकांचा असंतोष

शाळेत शिक्षकांची कुरबुर सुरू झाली की संस्थाचालक म्हणतात, 'शिक्षकांत शिस्त उरली नाही.' परंतु ही शिस्त बिघडते कोठे, हा प्रश्न ते स्वतःस विचारीत नाहीत. आमच्या मते या असंतोषाचे मूळ पुष्कळ वेळा मुख्याध्यापकाच्या खुर्चीत असते.

हिटलरशाहीमुळे १९३३ साली जर्मनी सोडून अमेरिकेत गेलेले मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी लिपिट व व्हाइट या सहकाऱ्यांसह केलेले प्रयोग १९३९ साली प्रसिद्ध झाले. दहा वर्षांच्या मुलांच्या लहान मंडळांवर त्यांनी तीन प्रकारचे पुढारी नेमले : हुकूम सोडणारा, सर्वांच्या विचाराने चालणारा आणि सर्व काही वाऱ्यावर सोडणारा. हुकूमशहाच्या हाताखालची मुले एक तर मुकी झाली, नाही तर आपापसांत भांडू लागली. एखाद्या सोबत्यास लक्ष्य करून त्याच्यावर राग काढल्याचेही दिसले. पुढारी बाहेर जाताच त्यांचे काम मंदावले. विचाराने चालणाऱ्या मंडळाचे काम मात्र त्याच्या गैरहजेरीतही चालू राहिले. वाऱ्यावर सोडलेल्यांच्या हातून कामच थोडे झाले.

मुले आणि शिक्षक यांत अंतर आहे, हे मान्य. तथापि अपमान दोघांनाही सारखाच झोंबतो. जादा तास कोणाला, पर्यवेक्षण कोणाला, रजा कोणाची नामंजूर, हे जेथे एका माणसाच्या मर्जीवर ठरते, तेथे शिक्षक गप्प बसतो, उशिरा येतो, गट करतो. आणि कचेरीत गिळलेला अपमान वर्गात शेवटच्या बाकावरील मुलावर काढतो. ते मूल कोणाच्या घरचे असते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

कायदा आहे. महाराष्ट्रात खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी केलेल्या १९७७ च्या अधिनियमान्वये बडतर्फ शिक्षकास शाळा न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येते. १९८१ च्या नियमावलीप्रमाणे गोपनीय अहवालातील प्रतिकूल शेरा त्यास कळवावा लागतो. पण न्यायाधिकरण फार तर नोकरी वाचवील. रोजचा मान ते कोठून आणणार?

म्हणून आमची मागणी साधी आहे. कामाची वाटणी शिक्षकांच्या सभेत व्हावी, ती लेखी असावी आणि नकाराचे कारण नोंदवावे. यास ना अनुदान लागते, ना सरकारी हुकूम. निर्णयाची जबाबदारी मुख्याध्यापकाचीच राहील; फक्त मर्जीची जागा कारणाने घ्यावी. ज्या शाळेत शिक्षकासच प्रश्न विचारण्याची भीती वाटते, तेथील विद्यार्थी प्रश्न विचारावयास कसे शिकणार?