लस सफाई कामगाराच्या दंडापर्यंत कधी पोहोचणार?

दरवर्षी २८ जुलैला जागतिक हिपॅटायटिस दिन पाळला जातो. वातानुकूलित सभागृहांत चर्चासत्रे भरतात, नामवंत डॉक्टरांची भाषणे होतात, मंत्र्यांचे संदेश छापून येतात. कार्यक्रम संपला की खुर्च्या उचलल्या जातात आणि केर काढायला कोणीतरी येतो. अशीच माणसे रुग्णालयाच्या वॉर्डात रक्ताने माखलेला कापूस उचलतात, वापरलेल्या सुयांची पिशवी गाडीत टाकतात. त्यांच्या दंडावर हिपॅटायटिस बीची लस टोचली गेली आहे काय, हा प्रश्न व्यासपीठावरून कोणी विचारत नाही. म्हणून आम्ही तो येथे विचारत आहोत.

आधी हा आजार काय आहे ते समजून घेऊ. आपल्याकडे डोळे पिवळे झाले की सरसकट 'कावीळ झाली' म्हणतात. पण कावीळ हे लक्षण आहे आणि तिची कारणे वेगवेगळी आहेत. दूषित पाण्यातून होणारी कावीळ वेगळी आणि रक्तातून पसरणारी हिपॅटायटिस बी वेगळी. बीचा विषाणू यकृतात ठाण मांडून बसतो. वीस-वीस, तीस-तीस वर्षे तो काहीच जाणवू देत नाही. माणूस कामावर जातो, संसार करतो आणि एके दिवशी पोटात पाणी होते, रक्ताची उलटी होते. तोवर यकृत आकसून गेलेले असते किंवा त्यात कर्करोग शिरलेला असतो. मग वस्तीत एकच वाक्य ऐकू येते, 'दारूने गेला.' दारू यकृताची वैरी आहे यात शंका नाही, परंतु आयुष्यात थेंबही न घेतलेली माणसेसुद्धा या विषाणूने जातात. मेल्यावरही त्यांच्या माथी व्यसनाचा डाग बसतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली जगात सुमारे २५ कोटी ४० लाख लोकांच्या शरीरात हा विषाणू होता आणि त्या एका वर्षात सुमारे ११ लाख लोक त्याने दगावले. बाधितांपैकी सुमारे २ कोटी ९८ लाख एकट्या भारतातले. यातल्या बहुतेकांना आपल्याला हा आजार आहे याचा पत्ताच नाही. ज्याला पत्ता नाही तो उपचार कसा घेणार आणि दुसऱ्याला कसा वाचवणार?

हा विषाणू जात पाहून शिरत नाही, हे खरे. पण या देशात कोणते काम कोणी करायचे हे जात पाहून ठरले आणि कोणत्या कामात कोणता धोका हे त्या कामाने ठरवले. गटारात कोण उतरतो? शवागारात प्रेत कोण उचलतो? कचऱ्याच्या ढिगात उघड्या हातांनी काच, पत्रा आणि प्लास्टिक कोण वेचते? उत्तर सर्वांना ठाऊक आहे. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. बेकारीच्या काळात त्या नोकरीचा आधार मोठा आहे आणि तो टिकलाच पाहिजे. पण बापाच्या हातातला झाडू लेकाच्या हाती देणाऱ्या व्यवस्थेने बापाला टोचलेली सुईही लेकाच्या वाट्याला ठेवली आहे, हेही विसरता येणार नाही.

सुईचे गणित नीट समजून घ्या. लस न घेतलेल्या माणसाला एचआयव्ही बाधित रक्ताची सुई टोचली, तर लागण होण्याची शक्यता शेकडा एकाहूनही कमी, सुमारे ०.३ टक्के असते. तीच सुई हिपॅटायटिस बी बाधित रक्ताची असेल तर ही शक्यता ६ ते ३० टक्क्यांपर्यंत जाते. शिवाय हा विषाणू शरीराबाहेर, सुकलेल्या रक्तातसुद्धा किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. म्हणजे सोमवारी दवाखान्यात वापरलेली सुई शनिवारी डंपिंगवर कचरा वेचणाऱ्या बाईच्या बोटात घुसली तरी धोका टळलेला नसतो. एड्सची भीती घरोघर पोहोचली. तिच्याहून कितीतरी पटींनी सहज लागणाऱ्या या विषाणूचे नावही पोहोचले नाही.

आणि चीड आणणारी गोष्ट अशी की या विषाणूवर खात्रीची लस आहे. १९६५ साली डॉ. बारूक ब्लुमबर्ग यांना ऑस्ट्रेलियातील एका मूलनिवासी माणसाच्या रक्तात या विषाणूचा अंश सापडला. म्हणूनच आपल्याकडे अजूनही या तपासणीला 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' म्हणतात. त्या शोधातून लस आली आणि १९७६ साली ब्लुमबर्ग यांना नोबेल पारितोषिक मिळाले. २८ जुलै हा त्यांचाच जन्मदिवस. पुढे १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने भारतीय बनावटीची लस बाजारात आणली आणि परदेशी लसीची मक्तेदारी मोडली. आज ही लस देशात बनते, स्वस्त आहे, तिचे तीन डोस पूर्ण केले तर बहुतेक निरोगी माणसांना दीर्घकाळ संरक्षण मिळते. पहिला डोस आज, दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. लस आहे, पैसा आहे, डॉक्टर आहेत. मग अडले कुठे?

कायद्याचे म्हणाल तर तोही आहे. २०१६ चे जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम वाचा. रुग्णालयाने आपल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि असा कचरा हाताळणाऱ्या इतर सर्वांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वात यांसारख्या रोगांपासून संरक्षणासाठी लस द्यावी, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. कामावर घेताना आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणी, प्रशिक्षण, हातमोजे-बूट हेही त्यात आहे. 'इतर सर्व' या शब्दांत कंत्राटी कामगार येतो. तेव्हा 'तो आमचा माणूस नाही, ठेकेदाराचा आहे' ही पळवाट कोणत्याही अधीक्षकाला उपलब्ध नाही.

पण प्रत्यक्षात काय घडते? तुमच्या तालुक्यातल्या कोणत्याही रुग्णालयात जा आणि झाडू मारणाऱ्या मावशींना विचारा, 'मावशी, तीन इंजेक्शनं झाली का?' डॉक्टर आणि नर्स आपली तारीख सांगतील. मावशींकडे कार्ड असेल काय? ठेकेदार दर अकरा महिन्यांनी बदलतो, नवा ठेकेदार जुन्याची जबाबदारी घेत नाही आणि सहा महिन्यांनी घ्यायचा तिसरा डोस या खो-खोमध्ये हरवून जातो.

या नियमांची चौकटही रुग्णालयाच्या भिंतीपाशी संपते. घरात मधुमेहाची सुई टोचून घेणारा माणूस ती सुई ओल्या कचऱ्यात टाकतो. गल्लीतला दवाखाना चार पैसे वाचवण्यासाठी सुया पालिकेच्या कुंडीत सोडून देतो. त्या पालिकेच्या गाडीवरच्या कामगाराला टोचतात, कचरा वेचणाऱ्या बायांना टोचतात. या माणसांचे नाव कोणत्याही रुग्णालयाच्या हजेरीपटावर नाही, म्हणून लसीच्या यादीतही नाही. त्यांना यादीत आणणे हे महापालिका आणि नगरपालिकांचे काम आहे. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवले आहे. ते कर्तव्य सोसायटीच्या फाटकापर्यंतच येऊन थांबते काय?

तेव्हा चळवळीच्या कामगार संघटनांना आमचे सांगणे आहे. पगार, बोनस आणि कायम नोकरी यांच्या मागण्यांसोबत ही मागणीही निवेदनात लिहा: प्रत्येक सफाई कामगाराला, मग तो कायम असो, कंत्राटी असो की रोजंदारी, लसीचे तीन डोस आणि त्याची नोंद असलेले कार्ड. ठेकेदार बदलला तरी कार्ड कामगाराजवळ राहील. कचरा वेचकांचाही त्यात समावेश करा. २००५ चा माहितीचा अधिकार आपल्या हाती आहे. साधा अर्ज टाका: आपल्या पालिकेत सफाई कामगार किती, त्यांपैकी तीन डोस पूर्ण झालेले किती, गेल्या वर्षी सुई टोचल्याच्या घटनांची नोंद किती? उत्तर आले तर आकडा मिळेल, आले नाही तर लढ्याला मुद्दा मिळेल. तीसच्या दशकात बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मुंबई म्युनिसिपल कामगार संघ उभा राहिला, तो सफाई कामगाराला माणूस म्हणून वागवले जावे यासाठीच. त्या परंपरेत ही मागणी शोभून दिसेल.

सुई टोचलीच तर काय करायचे, हेही प्रत्येक कामगाराला तोंडपाठ हवे. जखम पिळू नये, चोखू नये. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी. मुकादमाला लगेच सांगून नोंद करायला लावावी आणि तातडीने, शक्यतो २४ तासांच्या आत सरकारी रुग्णालय गाठावे. लस झाली नसेल तर इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन आणि लस, दोन्ही देऊन लागण टाळता येते. 'काही होत नाही' म्हणून चुना लावून पुन्हा कामाला लागणारे हात आम्हाला वाचवायचे आहेत.

शासनाला जाब विचारताना आपल्या घरातही डोकावले पाहिजे. तपासणीत 'पॉझिटिव्ह' आले की काय होते? रक्तदान शिबिरात रक्त दिलेल्या तरुणाला रक्तपेढीकडून निरोप येतो, तो घरी सांगतो आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचे ताट वेगळे होते, पेला वेगळा होतो. लग्न मोडते. घरात आलेल्या सुनेला माहेरी धाडले जाते. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी पाण्याच्या हक्कासाठी १९२७ साली महाडला लाठ्या खाल्ल्या, त्यांच्याच घरात आजारी माणसाचा पेला वेगळा ठेवला जावा? हिपॅटायटिस बी एका ताटात जेवल्याने, एका पेल्याने पाणी प्यायल्याने, मिठी मारल्याने किंवा शेजारी झोपल्याने लागत नाही. तो लागतो रक्तातून, असुरक्षित शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला. वेगळी ठेवायची ती दाढीची ब्लेड, दात घासायचा ब्रश आणि सुई. ताट वेगळे ठेवण्याला वैद्यकशास्त्रात कसलाही आधार नाही.

१९८२ साली 'कुली'च्या चित्रीकरणात जखमी झालेल्या अमिताभ बच्चन यांना चढवलेल्या रक्तातून हाच विषाणू लागला आणि त्यांच्या यकृताचा पाऊण भाग निकामी झाला, हे त्यांनीच जगाला सांगितले. त्यानंतर त्यांच्या पंगतीला बसायला कोणी नकार दिला काय? मग वस्तीतल्या पोराच्याच वाट्याला बहिष्कार का? एचआयव्ही बाधितांना भेदभावापासून संरक्षण देणारा कायदा २०१७ साली झाला. हिपॅटायटिस बीच्या रुग्णाला नोकरीत, शिक्षणात असे कवच देणारा स्वतंत्र कायदा नाही. तो व्हावा, ही मागणीही आपणच लावून धरली पाहिजे.

रुग्ण बांधव-भगिनींनाही दोन शब्द. पॉझिटिव्ह येणे म्हणजे मरण नव्हे. प्रत्येकाला गोळ्या लागतातच असे नाही. पुढच्या तपासण्या करून डॉक्टर ते ठरवतात. लागल्या तर टेनोफोव्हिरसारखी गोळी रोज घ्यावी लागते आणि बरे वाटले म्हणून ती आपल्या मनाने बंद करायची नसते. गोळी चालू असो वा नसो, डॉक्टर सांगतील त्या मुदतीने तपासणी चुकवू नका. दारू कायमची सोडा. घरातल्या सर्वांची तपासणी करा, ज्यांना लागण नाही त्यांना लस द्या, तोवर निरोध वापरा. २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू आहे. त्यातून सरकारी केंद्रांवर तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन ती हक्काने मागा. काविळीची माळ गळ्यात घालून आणि चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पिवळे पाणी काढून विषाणू जात नाही. आपण बुद्धाचा चिकित्सेचा मार्ग सांगणारी माणसे आहोत, मांत्रिकाच्या ओट्यावर रांग लावणे आपल्याला शोभत नाही.

गरोदर भगिनींनी ही तपासणी करून घ्यावीच. जन्मतः लागण झालेल्या दहा बाळांपैकी नऊ बाळांच्या शरीरात विषाणू कायमचा राहतो. मोठेपणी लागण झालेल्यांत हे प्रमाण शेकडा पाचाहून कमी असते. म्हणून जन्मल्यापासून २४ तासांच्या आत बाळाला लस मिळाली पाहिजे, पुढे सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात पेंटाव्हॅलंटमधून ती पुन्हा मिळते. आई बाधित असेल तर बाळाला इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. अंगावर पाजायला हरकत नाही. बाळंतपण झाले की नातेवाइकांनी पेढ्यांच्या आधी नर्सला एवढेच विचारावे, 'बाळाला काविळीची लस दिली का?'

आता जयंती मंडळांकडे वळतो. १४ एप्रिलला लाखो रुपये डीजेवर उडतात. त्यातल्या थोड्या रकमेत अख्ख्या वस्तीची तपासणी आणि लसीकरण होऊ शकते. पहिला डोस १४ एप्रिलला दिला तर दुसरा मेच्या मध्यावर येतो आणि तिसरा १४ ऑक्टोबरला, म्हणजे नेमका धम्मचक्र प्रवर्तनाच्या तारखेला. विहारात एक वही ठेवा, नावे लिहा, तिन्ही तारखांना माणसे बोलवा. आणि ज्या तरुणांना हातावर 'जय भीम' गोंदवून घ्यायचे आहे त्यांनी जरूर घ्यावे, पण जत्रेत एकाच सुईने दहा जणांना गोंदणाऱ्याकडून नव्हे. नवी सुई आपल्यासमोर फोडायला लावा, शाईसुद्धा नवी मागा.

आपल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या या देशाची घाण उचलली आणि रोगही अंगावर घेतले. घाण उचलणारे हात मोकळे व्हावेत, हा आपला मोठा लढा आहे आणि तो चालूच राहील. पण तो जिंकेपर्यंत त्या हातांना वाऱ्यावर सोडता येणार नाही. उद्या सकाळी कचऱ्याची गाडी दारात येईल तेव्हा कामगाराला पाणी विचारा आणि त्याबरोबर हेही विचारा, 'दादा, लस झाली का?' तो 'नाही' म्हणाला तर त्याला घेऊन पालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याच्या दालनात जा. हक्क मागून मिळत नसेल तर काय करायचे, हे आंबेडकरी जनतेला नव्याने शिकवण्याची गरज नाही.

जय भीम!